ताओयातेदूताचे चरित्र आणि एका भाषणाचे प्रामाण्य

१

मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातील डकोटा सरदार ताओयातेदूता (सु. १८१०–१८६३) याच्याविषयी जे चरित्रात्मक वाङ्मय आजवर निर्माण झाले आहे, त्यात एका भाषणाला असाधारण स्थान प्राप्त झालेले दिसते. १७ ऑगस्ट १८६२ रोजी अ‍ॅक्टन येथे चार डकोटा तरुणांनी पाच गोऱ्या वसाहतवाल्यांचा वध केला. त्या रात्री तरुणांचा जमाव ताओयातेदूताच्या घरी लोटला आणि युद्धाचे नेतृत्व करण्याचा आग्रह त्याला करू लागला. त्यांच्यातील कोणी त्याला भित्रा म्हटले तेव्हा त्याने केलेले उत्तर म्हणजे हे भाषण, अशी समजूत आहे. गोऱ्यांची संख्या टोळधाडीसारखी अगणित आहे, त्यांतील थोडे मारले तर त्यांहून कितीतरी अधिक येतील, तुमचा सर्वनाश अटळ आहे, इतके सांगून झाल्यावर शेवटी तो आपणही तुमच्याबरोबर मरावयास सिद्ध आहोत असे म्हणतो. भाषणाचा सारांश हा असा आहे.

या भाषणावाचून ताओयातेदूताचे चरित्र लिहिणे चरित्रकारांना जवळजवळ अशक्य होऊन बसले आहे. लोकप्रिय ग्रंथांत ते चरित्राचा कळसाध्याय म्हणून येते, आणि मागील सर्व घटनांवर त्याचा प्रकाश पाडला जातो. सरदाराला भवितव्य दिसत होते, तरीही तो जनांबरोबर गेला, अशी एक शोकात्म आकृती त्यामुळे तयार होते. ही आकृती कितपत ग्राह्य आहे हे भाषणाच्या प्रामाण्यावर अवलंबून आहे. शिवाय प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. त्या रात्रीच्या निर्णयानंतर कित्येक शेकडे वसाहतवाले मारले गेले, अडतीस डकोटा एकाच वेळी फासावर चढले आणि एका समाजाला आपली भूमी कायमची सोडावी लागली. निर्णय कोणाचा होता, कोणत्या कारणाने झाला आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न या एका भाषणाशी निगडित आहेत.

२

चरित्राची रूपरेषा थोडक्यात अशी आहे. ताओयातेदूता हा डकोटांच्या म्डेवाकांतोन शाखेतील कापोझिया या गावच्या सरदारघराण्यात जन्मला. हे गाव सध्याच्या सेंट पॉल शहराच्या दक्षिणेस मिसिसिपीच्या काठी होते. त्याच्या नावाचा अर्थ ‘ज्याचे जन आरक्त आहेत तो’ असा होतो. इंग्रजीत रूढ झालेले ‘लहान कावळा’ या अर्थाचे नाव त्याचे नव्हेच. ते त्याच्या आजाच्या नावाच्या चुकीच्या भाषांतरातून घराण्याला चिकटले, आणि त्या मूळ नावात कावळा नसून ससाणा आहे. चरित्रनायकाचे प्रसिद्ध नावच भाषांतराच्या प्रमादातून निघालेले असावे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

तारुण्याचा बराच काळ त्याने पश्चिमेकडील डकोटा शाखांत घालविला. वाहपेतोन शाखेतील एका सरदाराच्या चार मुलींशी त्याचे विवाह झाले आणि आप्तसंबंधांचे जाळे विस्तारले. पित्याच्या मृत्यूनंतर १८४६ साली तो कापोझियास परतला, तेव्हा सावत्र भावांनी त्याला विरोध केला. त्या झटापटीत गोळी लागून त्याची दोन्ही मनगटे छिन्न झाली. तो त्यातून वाचला आणि सरदार झाला. त्याची वाकडी राहिलेली मनगटे हीच पुढे त्याची ओळख ठरली.

त्यानंतरची सोळा वर्षे म्हणजे तहांची वर्षे होत. १८५१ साली त्राव्हेर्स दे स्यू आणि मेंडोटा येथे झालेल्या तहांनी डकोटांनी २ कोटी एकरांहून अधिक भूमी दिली. मोबदल्यात वर्षासनाची रक्कम आणि मिनेसोटा नदीच्या दोन्ही तीरांवर प्रत्येकी दहा मैल रुंदीचा राखीव पट्टा त्यांना मिळावयाचा होता. सिनेटने त्या पट्ट्याचे कलमच गाळले, आणि तेथे राहण्याची मुभा केवळ राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर राहिली. १८५८ साली ताओयातेदूता व इतर सरदार वॉशिंग्टन येथे गेले असता नदीच्या उत्तरेकडील सुमारे १० लाख एकरांचा पट्टाही त्यांना सोडावा लागला. सिनेटने पुढे त्याचा दर एकरी ३० सेंट ठरविला, आणि त्या रकमेचा मोठा भाग व्यापाऱ्यांच्या उधारीच्या दाव्यांत गेला. मिनेसोटाची लोकसंख्या १८५० साली ६,०७७ होती, ती १८६० साली १,७२,०२३ झाली. भाषणातील टोळधाडीची उपमा या आकड्यांशेजारी ठेवली असता अतिशयोक्त वाटत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

या तहांच्या रंगभूमीवर तीच ती माणसे वेगवेगळ्या वेषांत वावरताना दिसतात. १८५१ साली सरकारच्या वतीने तह करणारा अलेक्झांडर रॅम्झी १८६२ साली राज्याचा गव्हर्नर होता, आणि डकोटांचा नाश करावा वा त्यांना सीमेबाहेर घालवावे अशी मागणी त्यानेच केली. तहाच्या पैशातून व्यापारी म्हणून आपला दावा वसूल करणारा हेन्री सिबली राज्याचा पहिला गव्हर्नर झाला, आणि १८६२ साली डकोटांविरुद्धच्या फौजेचा सेनापतीही तोच होता. ताओयातेदूताला जे ‘सरकार’ दिसत होते ते अमूर्त नव्हते. त्यातील बहुतेक चेहरे त्याच्या परिचयाचे होते.

३

आता भाषणाच्या परंपरेकडे वळावयास हरकत नाही. ते प्रथम ग्रंथरूपाने आढळते ते १८९१ साली, म्हणजे घटनेनंतर एकोणतीस वर्षांनी. तेही कोणा इतिहासग्रंथात नव्हे, तर मिनेसोटातील एच. एल. गॉर्डन या वकील-कवीच्या काव्यसंग्रहाच्या टिपांत. हे भाषण ताओयातेदूताचा मुलगा वोविनापा याच्याकडून मिळाले असे गॉर्डन सांगतो. घटनेच्या वेळी वोविनापा सुमारे पंधरा वर्षांचा होता. डकोटा भाषेत उच्चारलेले शब्द एका मुलाने ऐकले, अनेक वर्षे स्मरणात ठेवले, मग कोणास सांगितले, आणि शेवटी डकोटा आख्यायिकांवर पद्यरचना करणाऱ्या एका कवीने ते इंग्रजीत उतरविले. परंपरा इतक्या टप्प्यांची आहे. या प्रत्येक टप्प्यावर काय गळले आणि काय भर पडली हे ठरविण्याचे साधन उपलब्ध नाही.

बखर-वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. बखरकार वीरांच्या मुखी जी भाषणे घालतो ती प्रसंगाचे मर्म सांगतात, पण शब्दशः खरी असतात असे कोणी मानीत नाही. अमेरिकेत ‘इंडियन वक्तृत्व’ नावाचा जो एक वाङ्मयप्रकारच रूढ झाला, त्याच्या बाबतीतही ही सावधगिरी आवश्यक आहे. लोगन या सरदाराचे १७७४ चे भाषण जेफर्सनने आपल्या व्हर्जिनियाविषयक ग्रंथात छापल्यापासून पराभूत सरदाराचे अखेरचे उद्गार हा अमेरिकन वाचकांच्या विशेष आवडीचा विषय झाला. सिअ‍ॅटल या सरदाराचे भाषण १८५४ चे म्हणून प्रसिद्ध आहे. ते वृत्तपत्रात आले १८८७ साली, आणि तेही एका गोऱ्या डॉक्टराच्या लेखणीतून. गॉर्डनचा संग्रह त्यानंतर चारच वर्षांनी निघाला. स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करणे, निसर्गातील उपमांची माळ, शेवटी धीरोदात्त शरणागती: हे सर्व विशेष या वाङ्मयप्रकाराच्या संकेतांशी जुळणारे आहेत.

तथापि संकेताशी साम्य आहे म्हणून भाषण बनावट ठरत नाही. डकोटा समाजात सभेतील वक्तृत्व ही एक जोपासलेली विद्या होती, आणि ताओयातेदूता हा त्यातील नाणावलेला वक्ता म्हणून मित्र-शत्रू दोघांनाही ठाऊक होता. उपमांचे वक्तृत्व त्याचेच असणे अगदी शक्य आहे. टोळधाडीच्या उपमेचेच उदाहरण घेता येईल. १८७३ ते १८७७ या वर्षांत मिनेसोटातील शेतकरी टोळांनी हवालदिल झाले होते. तेव्हा १८९१ च्या वाचकाला ही उपमा विशेष भिडणारी होती आणि गॉर्डनने ती घातली असेल, असा तर्क करता येतो. पण टोळ १८५६–५७ मध्येही त्या प्रदेशात आलेच होते. अंतर्गत पुराव्यावरून निर्णय होत नाही तो असा. यास्तव दुसऱ्या साक्षींकडे वळणे प्राप्त होते.

४

त्या रात्रीसंबंधी सर्वांत महत्त्वाची दुसरी डकोटा साक्ष वाम्दितांका (‘मोठा गरुड’) या सरदाराची आहे. दुभाष्यांच्या साहाय्याने घेतलेली त्याची कैफियत १८९४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तरुण ताओयातेदूताच्या घरी आल्याचा प्रसंग आहे, पण ते प्रसिद्ध भाषण नाही. वाम्दितांकाच्या सांगण्याप्रमाणे सरदाराने अंथरुणातच उठून बसून हकीकत ऐकली. रक्त सांडले आहे, आता वर्षासन मिळणार नाही, आणि स्त्रियांचा वध झाल्यामुळे गोरे भयंकर सूड घेतील, म्हणून युद्ध सुरू झालेच असे समजावे, अशा आशयाचे तो बोलला. काही सरदारांनी शांततेचा पक्ष मांडला, त्यांचे कोणी ऐकले नाही, आणि सकाळी सरकारी ठाण्यावर चालून जाण्याचा हुकूम सुटला. या वृत्तांतातला ताओयातेदूता भवितव्याला शरण जाणारा नायक दिसत नाही. परिणामांचा हिशेब करून तो त्वरित निष्कर्षाला पोहोचतो. दोन्ही वृत्तांतांत त्याला गोऱ्यांच्या बळाची जाणीव आहे. एका वृत्तांतात मात्र ती युद्धाविरुद्धचा युक्तिवाद बनते, तर दुसऱ्यात तीच युद्ध अपरिहार्य करते.

वाम्दितांकाची साक्षही निर्लेप नाही. त्याच वर्षी झालेल्या प्रवक्त्याच्या निवडीत तो स्वतः ताओयातेदूताचा प्रतिस्पर्धी होता. दोघेही हरले आणि तिसराच उमेदवार निवडून आला. ताओयातेदूताला तो पराभव झोंबला, उत्तरेकडील पट्टा विकल्याचा ठपका लोक त्याच्यावर ठेवीत, असेही तोच सांगतो. युद्धानंतर तुरुंगवास भोगून सुटलेल्या या सरदाराला आपण शांततेच्या बाजूचे होतो हे सांगण्याचे कारण होते, जसे वोविनापाला आपल्या पित्याची स्मृती उजळ करण्याचे होते. म्हणून एकाच्या साक्षीने दुसऱ्याची खोडून काढता येत नाही. परंतु दोघांचे हितसंबंध परस्परविरुद्ध असूनही ज्या मुद्द्यांवर त्यांची साक्ष जुळते ते मुद्दे बळकट ठरतात. पुढाकार तरुणांचा होता, सरदाराला परिणामांची कल्पना होती, आणि त्याची समाजातील प्रतिष्ठा त्या क्षणी डळमळीत होती, हे ते मुद्दे होत.

५

या दोन उत्तरकालीन साक्षींहून निराळे असे एक समकालीन साधन आहे, आणि चरित्रवाङ्मयात त्याचा व्हावा तितका उपयोग झालेला नाही. बर्च कूली येथील लढाईनंतर सिबलीने युद्धभूमीवर चिठ्ठी ठेवली. तिला ताओयातेदूताने मिश्रवंशीय लेखनिकाकडून लिहवून घेतलेले ७ सप्टेंबर १८६२ चे उत्तर हे ते साधन होय. येथेही शब्द दुसऱ्याच्या लेखणीतले आहेत. परंतु पत्र घटनाकाळचे आहे, प्रतिपक्षाच्या हाती पडलेले आहे, आणि त्याला वाङ्मयीन अलंकरणाची मुळीच आकांक्षा नाही.

या पत्रात टोळधाड नाही, लांडगे नाहीत, मरणाची प्रतिज्ञा नाही. त्यात नावे आणि तक्रारी आहेत. सरकारी एजंट, वेळेवर न मिळालेले तहाचे पैसे, उपासमारीने मरणारी मुले, आणि भुकेल्यांना गवत खा असे सुनावणाऱ्या मायरिकसह इतर व्यापारी, अशी ती यादी आहे. मायरिकचे हे उद्गार पुढील काळात निरनिराळ्या प्रसंगांशी जोडून सांगितले गेले. त्यांच्या स्थलकालाविषयी वाद आहेत. पण अपमानाची ही जाण डकोटा छावणीत सप्टेंबर १८६२ मध्येच होती, एवढे तरी या पत्रावरून निश्चित होते. वर्षासनाचे सोने, ७१,००० डॉलर, रिजली किल्ल्यात पोहोचले ते १८ ऑगस्टला, म्हणजे ठाण्यावर हल्ला झाला त्याच दिवशी. पाच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, त्याने दुसरे पत्र पाठविले आणि आपल्या लोकांसाठी शांतता कोणत्या मार्गाने मिळेल अशी विचारणा केली.

या पत्रांतून दिसणारा मनुष्य मृत्यू पत्करून बसलेला नाही. तो कारणे मांडतो, कैद्यांचा उल्लेख करून सौदा सुचवितो, जुन्या परिचिताकडे वाट विचारतो. तहाच्या टेबलाशी सोळा वर्षे घालविलेल्या सरदाराची ही भाषा आहे. भाषणातला ताओयातेदूता आणि पत्रांतला ताओयातेदूता यांच्यात निवड करण्याची वेळ आली, तर चिकित्सकाला पत्रांच्याच बाजूने उभे राहावे लागेल.

६

ताओयातेदूताच्या चरित्रवाङ्मयात आजवर स्थूलमानाने तीन प्रतिमा प्रकट झाल्या. पहिली १८६३–६४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या हर्ड, ब्रायंट व मर्च यांच्या ‘कत्तली’च्या इतिहासांतील, क्रूर आणि कपटी सेनानायकाची. हर्ड हा डकोटांवर खटले चालविणाऱ्या लष्करी आयोगाचा लेखनिक होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचा दृष्टिकोन सहज उमगतो. त्या आयोगाने सुमारे पाच आठवड्यांत ३९२ जणांची चौकशी करून ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला, आणि लिंकनने यादी कमी केल्यानंतर २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ जण फासावर गेले. दुसरी प्रतिमा भाषणातून उभी राहणारी, शोकात्म नायकाची. तिसरी गॅरी क्लेटन अँडरसन याच्या १८८६ नव्हे तर शंभर वर्षांनी, १९८६ साली, आलेल्या चरित्रातील प्रवक्त्याची.

अँडरसनच्या चरित्राचे मोठे बळ असे की, त्याने डकोटा समाजातील आप्तभावाची कल्पना केंद्रस्थानी ठेवली. सरदार हा तेथे आज्ञा करणारा राजा नव्हता. तो मन वळविणारा, सभेचे मत बोलून दाखविणारा, देणे-घेणे सांभाळणारा पुरुष होता. हा संदर्भ लक्षात घेतला असता ताओयातेदूताच्या वर्तनातील पुष्कळशी विसंगती नाहीशी होते. १७ ऑगस्टच्या रविवारी तो सकाळी मिशनच्या प्रार्थनेस हजर होता आणि रात्री युद्धाच्या सभेत होता. सरकारने बांधून दिलेल्या घरात तो राहत होता, परंतु केस कापून शेतकरी पक्षात गेला नव्हता. पहिल्या प्रतिमेने यास ढोंग म्हटले, दुसरीने अंतर्द्वंद्व. वस्तुतः दोन्ही बाजूंशी संबंध राखणे हेच त्याच्या पदाचे कार्य होते.

या चरित्राची मर्यादाही साधनांतूनच उद्भवते. सरकारी पत्रव्यवहार, मिशनऱ्यांची टिपणे आणि व्यापाऱ्यांचे कागद यांवर ते मुख्यत्वे उभे असल्याने नायक गोऱ्यांसमोर येतो तेव्हाच तो स्पष्ट दिसतो. शिकारीच्या मोसमात, विधींत, कुटुंबात तो धूसर होतो. ‘प्रवक्ता’ ही संज्ञाच त्या एका दर्शनी बाजूवर भर देते.

डकोटा साधने वापरली की ही उणीव आपोआप भरून निघेल, असेही मानण्याचे कारण नाही. १८५८ साली जन्मलेला आणि युद्धानंतर आप्तांबरोबर कॅनडात वाढलेला डकोटा लेखक चार्ल्स ईस्टमन याने १९१८ च्या आपल्या ग्रंथात ताओयातेदूतावर एक प्रकरण लिहिले. ते सहानुभूतीशून्य नाही. परंतु महत्त्वाकांक्षा आणि गोऱ्यांशी सलगी हे दोष तो स्पष्टपणे नायकाच्या पदरी घालतो. अँडरसन व वूलवर्थ यांनी १९८८ साली संपादिलेल्या डकोटा निवेदनांच्या संग्रहातही युद्धपक्ष, शांततापक्ष, मिश्रवंशीय आणि ख्रिस्ती झालेले यांचे स्वर एकमेकांशी झगडताना ऐकू येतात. सिबलीशी गुप्त पत्रव्यवहार करणारे सरदार ताओयातेदूताच्याच शाखेतले होते. ‘डकोटांची बाजू’ अशी एकवचनी वस्तू १८६२ साली नव्हती, आणि ती नंतरही तयार करता येत नाही.

७

वरील विवेचनावरून भाषणाविषयी तीन निष्कर्ष निघतात. एक, १७ ऑगस्टच्या रात्री उच्चारलेल्या शब्दांचा पुरावा म्हणून ते स्वीकारता येत नाही. दोन, त्यातील काही आशयाला स्वतंत्र आधार मिळतो, आणि तेवढ्यापुरते ते विचारात घेण्यास प्रत्यवाय नाही. तीन, पित्याचे स्मरण मुलाने कसे जपले आणि एका कवीने त्याला कोणते रूप दिले, याचे साधन म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. त्याचा उपयोग स्मृतीच्या इतिहासात व्हावा, घटनेच्या इतिहासात नव्हे.

या भेदाचा नैतिक परिणामही आहे. पहिल्या प्रतिमेने सारा दोष एका क्रूर पुरुषावर टाकून तह, उधारी आणि उपासमार यांना मोकळे सोडले. दुसऱ्या प्रतिमेचा हेतू नायकाचा गौरव हा होता. तरी सारे काही नियतीवर सोपविल्यामुळे तिनेही तेच केले. विनाश अटळच होता असे खुद्द विनाश पावणाऱ्याच्या तोंडून ऐकणे हे विजेत्यांच्या वंशजांना सोयीचे असते, आणि या भाषणाच्या लोकप्रियतेचे हे एक कारण असावे. प्रत्यक्षात १८५२ साली सिनेटने कलम गाळले, १८६० साली दर ठरविला, १८६२ साली पैसे उशिरा पोहोचले. या घटनांना कर्ते होते. ताओयातेदूताही कर्ताच होता. त्याने तहांवर निशाणी केली, युद्धाचे नेतृत्व पत्करले, आणि निःशस्त्र कुटुंबांच्या हत्येचा भार त्या नेतृत्वापासून वेगळा काढता येत नाही. त्याला नियतीचे बाहुले केल्याने त्याचा सन्मान वाढत नाही.

३ जुलै १८६३ रोजी हचिन्सनजवळ मुलासह रानफळे खुडीत असता एका वसाहतवाल्याने व त्याच्या मुलाने त्याला गोळी घातली. प्रेताची विटंबना झाली, टाळूच्या कातडीबद्दल राज्याने इनाम दिले, आणि १८६४ साली मारणाऱ्याला ५०० डॉलर मंजूर झाले. प्रेत कोणाचे हे प्रथम कोणास ठाऊक नव्हते. वाकड्या मनगटांवरून आणि पकडल्या गेलेल्या वोविनापाच्या जबानीवरून ते पुढे निश्चित झाले. त्याचे अवशेष मिनेसोटाच्या इतिहाससंस्थेने जवळ ठेवले, काही काळ प्रदर्शनातही मांडले. १९७१ साली ते नातवाच्या स्वाधीन करण्यात आले आणि साउथ डकोटातील फ्लँड्रो येथे दफन झाले. ज्या मुलाच्या जबानीने प्रेताची ओळख पटली, त्याच्याच नावावर भाषणही चालत आले आहे. जबानीला मनगटांची खूण पाठबळ देत होती. भाषणाला तसे पाठबळ नाही. पुढील चरित्रकाराने ७ आणि १२ सप्टेंबरच्या पत्रांपासून आरंभ करावा, आणि भाषण त्यांच्या प्रकाशात वाचावे. आजवर नेमके याच्या उलट घडत आले आहे.